बाप हेड कोच, मुलगा असिस्टंट: अमेरिकन कॉलेज खेळातली नातीगोती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पोरं अमेरिकेत शिकायला गेली की घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळूहळू फुटबॉल शिरतो (आपला नव्हे, अमेरिकन: लांबट बॉल हातात घेऊन पळायचा). मग कोणीतरी विचारतं, "अरे, तो कोच आणि तो दुसरा, दोघांचं आडनाव एकच कसं?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की एकदाच सगळं लिहून ठेवतो.

मुळात कॉलेजच्या खेळात "प्रशासन" म्हणण्याइतकं असतं तरी काय?

आपल्या डोळ्यांसमोर जिमखान्याची किल्ली खिशात ठेवणारे सर येतात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या दिवशी वाटले जाणारे टी-शर्ट. तिथे हा एक वेगळा उद्योगच आहे. आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे हेड कोच कर्क फेरेंट्झ यांचा पगार वर्षाला सुमारे ७० लाख डॉलर. राज्याच्या सरकारी नोकरांत त्यांच्याएवढा पगार कोणालाच नाही, राज्यपालांनाही नाही.

उतरंड साधी आहे. विद्यापीठाचे अध्यक्ष, त्यांच्याखाली ॲथलेटिक डायरेक्टर, त्याच्या हाताखाली प्रत्येक खेळाचा हेड कोच. हेड कोच आपले असिस्टंट स्वतः निवडतो आणि नात्यांची गडबड बहुतेकदा इथेच सुरू होते.

हे खरंच इतकं सर्रास चालतं?

चालतं, आणि लपूनछपून नाही. पेन स्टेट विद्यापीठात हेड कोच जो पॅटर्नो यांच्या स्टाफवर त्यांचा मुलगा जे पॅटर्नो होता. फ्लोरिडा स्टेटला बॉबी बाउडेन यांच्याकडे मुलगा जेफ. साउथ कॅरोलायनाला स्टीव्ह स्पर्रियर यांच्याकडे स्टीव्ह ज्युनियर, व्हर्जिनिया टेकला फ्रँक बीमर यांच्याकडे शेन. अलीकडचं उदाहरण बिल बेलिचिक यांचं. डिसेंबर २०२४ मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाला आले आणि डिफेन्स, म्हणजे बचावाची फळी, सोपवला मुलगा स्टीव्हकडे. दुसरा मुलगा ब्रायनही स्टाफवर.

त्यांच्याकडे याकडे बघायची एक जुनी नजर आहे: सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा कोचचा मुलगा कोच. लहानपणापासून तो बापाच्या ऑफिसात बसून सामन्यांच्या फिल्म बघतो, सुट्टीत मैदानावर बॉल गोळा करतो. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये. गाण्याच्या घराण्यात गुरूचा मुलगा तंबोऱ्यावर मागे बसतो तेव्हा आपण कुठे नाक मुरडतो? फरक एवढाच की तंबोऱ्याला सरकारी पगार नसतो.

कायदा आडवा येत नाही?

येतो, पण राज्याराज्यांत निराळा. १९६७ चा केंद्रीय कायदा फक्त केंद्र सरकारच्या नेमणुकांपुरता आहे, राज्य विद्यापीठांना तो लागत नाही. मिझुरी राज्याच्या घटनेतच लिहिलंय की सार्वजनिक पदावरच्या माणसाने चौथ्या पायरीपर्यंतच्या नातेवाइकाला नेमलं तर त्याचं स्वतःचंच पद जातं. टेक्सासमध्ये मर्यादा रक्ताच्या नात्याला तिसऱ्या पायरीपर्यंत आणि लग्नाच्या नात्याला दुसऱ्या पायरीपर्यंत.

या पायऱ्या मोजणं म्हणजे आपल्या आत्याबाईंच्या हातचं काम. आईवडील आणि मुलं पहिली पायरी. भावंडं, आजीआजोबा, नातवंडं दुसरी. काका, मामा, भाचा, पुतण्या तिसरी. चुलतभाऊ आणि मामेभाऊ चौथी. म्हणजे टेक्सासमध्ये भाचा अडकतो आणि मामेभाऊ सुटतो, मिझुरीत दोघेही अडकतात. लग्नाच्या नात्यात जावई, सून, सासरे, मेहुणा, दीर हे टेक्सासच्या जाळ्यात येतात. साडू मात्र येत नाही! बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याशी कायद्याने तुमचं काहीच नातं नाही. व्याहीसुद्धा मोकळे. ज्याने हा कायदा लिहिला त्याने आपल्याकडचं एखादं लग्न बघायला हवं होतं.

जाता जाता: इंग्रजीत घराणेशाहीला नेपोटिझम म्हणतात, तो शब्द लॅटिनमधल्या भाच्या-नातवासाठीच्या शब्दावरून आलाय, आणि त्या शब्दाचा संस्कृत भाऊ म्हणजे नप्तृ, ज्यापासून आपला "नातू" झाला. शब्दाच्याही पोटात नातंच.

मग बापाच्या हाताखाली मुलगा कसा काय बसतो?

कागदावर तो बापाच्या हाताखाली नसतोच. बहुतेक विद्यापीठांचा नियम "नातेवाईक नको" असा नसून "नातेवाइकाचा साहेब नातेवाईक नको" असा आहे. म्हणून मुलाची नेमणूक, पगारवाढ आणि वार्षिक मूल्यमापन ॲथलेटिक डायरेक्टरच्या नावावर टाकतात. तक्त्यात मुलाच्या चौकटीतून निघालेली रेघ बापाच्या चौकटीला वळसा घालून वर जाते.

ही रेघ सोमवार ते शुक्रवार कोणालाही दिसत नाही. बाप मीटिंग घेतो, मुलगा प्लॅन मांडतो, बाप हो किंवा नाही म्हणतो. वर्षातून एकदा डायरेक्टरने मुलाचा अहवाल लिहायचा असतो, आणि तो लिहिताना त्याला माहीत असतं की मुलाला नारळ दिला तर उद्या सकाळी समोर उभा राहणारा माणूस राज्यातला सगळ्यात लोकप्रिय माणूस आहे. माझ्या लेखी सगळा प्रश्न या एका सहीचा आहे. नातं किती जवळचं, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, सही करणाऱ्याची "नाही" म्हणायची टाप आहे का?

आयोवाचं प्रकरण नक्की काय होतं?

हे नीट सांगायला हवं, कारण इतकं उघड्यावर घडलेलं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

कर्क फेरेंट्झ १९९९ च्या मोसमापासून आयोवाचे हेड कोच. मुलगा ब्रायन तिथेच खेळला, पुढे न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाकडे कोचिंग शिकला, २०१२ मध्ये आयोवाला परतला आणि २०१७ मध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला, म्हणजे गुण कसे करायचे याचा आराखडा आखणारा माणूस. कागदावर त्याचे साहेब ॲथलेटिक डायरेक्टर गॅरी बार्टा.

सुरुवातीची काही वर्षं बरी गेली. मग गुण आटले. ३ सप्टेंबर २०२२ चा साउथ डकोटा स्टेटविरुद्धचा सामना मी सीडर रॅपिड्सला मावसभावाच्या घरी बघितला. सकाळी अकराचा सामना, म्हणून वहिनींनी पोहे केले होते. प्रतिस्पर्धी खालच्या गटातला. (त्या वर्षी ते त्या गटाचे विजेते ठरले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.) आयोवा ७–३ ने जिंकलं. स्कोअरबोर्डवर सात बघून कोणालाही वाटेल, एक टचडाउन (बॉल समोरच्यांच्या एंड झोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात नेणं; सहा गुण आणि वर एक) झाला असणार. झाला नव्हता. एका फील्ड गोलचे (लाथ मारून बॉल खांबांमधून घालवल्याचे) तीन, आणि समोरच्या संघाला दोनदा त्यांच्याच एंड झोनमध्ये आडवं पाडल्याचे दोन-दोन. म्हणजे सातातले चार गुण ऑफेन्सने नव्हे, डिफेन्सने आणलेले. शेवटी शेवटी आयोवाच्या किनिक स्टेडियममधले लोक पंट मारणाऱ्या पोराला टाळ्या देत होते, कारण लांब लाथ मारून बॉल परत करणं हेच त्या दिवशी आयोवाचं सगळ्यात देखणं काम होतं. मावसभाऊ म्हणाला, "बापाने पोराला घरी काय बोलायचं ते बोलावं, पण आमच्या तिकिटाच्या पैशांवर शिकवू नये."

त्या मोसमात आयोवाची सरासरी सामन्याला १७.७ गुण होती. एकूण यार्डांत, म्हणजे बॉल किती पुढे नेला त्यात, देशातल्या १३१ संघांत ते १३० वे. इतर कुठल्याही ठिकाणी कोऑर्डिनेटर डिसेंबरात घरी गेला असता. इथे फेब्रुवारी २०२३ मध्ये नवा करार झाला: पगार नऊ लाखांवरून साडेआठ लाख डॉलर, आणि अट अशी की संघाने सामन्याला सरासरी २५ गुण करायचे आणि किमान ७ सामने जिंकायचे. अट पुरी झाली तर मुदतवाढ आणि बोनस, नाहीतर करार जून २०२४ मध्ये संपणार.

आता यातली गंमत बघा. हे २५ गुण ऑफेन्सनेच करायचे असं कुठेही नव्हतं. डिफेन्सने बॉल हिसकावून टचडाउन केला तरी तो ब्रायनच्या खात्यात. मिशिगन स्टेटविरुद्ध कूपर डिजीनने पंट पकडून ७० यार्ड पळत टचडाउन केला. तो डिफेन्सचा खेळाडू, ब्रायनचा त्यात हातही नाही, पण गुण मोजले गेले. देशभर लोक दर शनिवारी वहीत हिशोब ठेवू लागले. तेरा सामने धरून ३२५ गुण हवे, किती झाले? एखाद्या नोकरदाराचं वार्षिक मूल्यमापन सत्तर हजार लोकांसमोर चालावं तसं ते चाललं.

मोसम अर्धा सरला होता. बार्टा निवृत्त झालेले. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी हंगामी डायरेक्टर बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की मोसम संपल्यावर ब्रायन राहणार नाही. ती सही अखेर झाली, आणि झाली ती नव्या माणसाच्या हातून.

पण त्या वर्षी आयोवा जिंकलंच ना?

जिंकलं की! दहा सामने. आपल्या विभागात पहिले. मग बिग टेन या आयोवाच्या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून ०–२६ आणि सिट्रस बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात टेनेसीकडून ०–३५ अशी हार. मोसमाची सरासरी १५.४. पुढच्या वर्षी नवा कोऑर्डिनेटर आला, गुण सरासरी २५ च्या वर गेले आणि विजय दहावरून आठवर आले. ज्याला यातून बोध काढायचाय त्याने खुशाल काढावा, मला जमलेलं नाही.

म्हणजे जिंकत असाल तर नातं कोणाला खुपत नाही?

बहुतांशी हेच. फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडेन म्हणजे तिथले दैवत. २००१ मध्ये जेफकडे ऑफेन्स आला तेव्हा कुरबूर झाली, पण बेताची. संघ घसरत गेला तसा आवाज वाढला. नोव्हेंबर २००६ मध्ये वेक फॉरेस्टने त्यांना घरच्या मैदानावर ३०–० ने धुतलं आणि तीन दिवसांत जेफने राजीनामा दिला. बापाबद्दल वाईट बोलवत नाही, म्हणून लोक मुलावर तुटून पडतात. लेकी बोले सुने लागे, त्यातली गत.

बेलिचिक यांचंही तेच. पहिला सामना १४–४८ ने गेला, मोसम ४–८ वर संपला, आणि मुलांची नावं अचानक प्रत्येक बातमीत दिसू लागली.

बापाने खुर्ची मुलाला देऊन जाणं हेही चालतं?

बास्केटबॉलमध्ये फार. बॉब नाइट यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये, मोसम चालू असताना, टेक्सास टेक सोडलं आणि मुलगा पॅट त्याच जागी बसला. ते आधीच ठरलेलं होतं. पॅटला २०११ मध्ये काढलं. ओक्लाहोमा स्टेटला एडी सटन यांच्यानंतर २००६ मध्ये शॉन, दोन वर्षांत तोही गेला. उलटं उदाहरण टोनी बेनेट यांचं. २००६ मध्ये वॉशिंग्टन स्टेटची गादी वडील डिक यांच्याकडून घेतली, पहिल्या दोन्ही मोसमांत २६-२६ सामने जिंकले, आणि पुढे २०१९ मध्ये व्हर्जिनियाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

ताजं प्रकरण ऑबर्नचं. २२ सप्टेंबर २०२५ ला ब्रूस पर्ल निवृत्त झाले आणि मुलगा स्टीव्हन हेड कोच झाला. मोसम सुरू व्हायला जेमतेम सहा आठवडे. टीका नात्यापेक्षा वेळेवर जास्त झाली: इतक्या उशिरा जागा रिकामी केली की दुसऱ्या कोणाला बोलवायला वेळच उरू नये. मला ही टीका पटते. निवड करायची वेळच येऊ द्यायची नाही, ही युक्ती आपल्याकडच्या पतसंस्थांनाही ठाऊक आहे.

नवरा-बायकोचं काय?

नॉर्थवेस्टर्नच्या महिला लॅक्रॉस (जाळीच्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा खेळ) संघाच्या हेड कोच केली अमॉन्टे हिलर आणि त्यांच्या स्टाफवर वर्षानुवर्षं त्यांचा नवरा स्कॉट. २००५ ते २०२३ दरम्यान आठ राष्ट्रीय विजेतेपदं. याविरुद्ध मोर्चा काढलेला मी तरी पाहिला नाही.

जोडप्यांच्या बाबतीत अमेरिकन विद्यापीठं मवाळ झाली त्यामागे एक दुखरी गोष्ट आहे. पूर्वी "एका घरातले दोघे नकोत" असा सरसकट नियम असायचा, आणि दोघांतली घरी बसायची ती बायको. मारिया गोपर्ट-मायर या भौतिकशास्त्रज्ञ नवऱ्याच्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं बिनपगारी काम करत राहिल्या. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७१ मध्ये अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने जाहीर निवेदन काढून असे सरसकट नियम रद्द करा म्हटलं. "नातं चालेल, नातेवाइकाचा साहेब होणं चालणार नाही" ही आजची भूमिका त्याच वळणावरची. ज्या नियमाने बायकांना न्याय मिळाला त्याच नियमाच्या दारातून पुढे कोचचे मुलगे आत आले.

खेळाडू मिळवायला त्याच्या बापाला नोकरी देतात, हे खरं?

खरं. १९८३ मध्ये कॅन्सस विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच म्हणून आलेल्या लॅरी ब्राउन यांनी एड मॅनिंग यांना असिस्टंट नेमलं. एड माजी व्यावसायिक खेळाडू होते खरे, पण त्या वेळी ट्रक चालवत होते. त्यांचा मुलगा डॅनी तेव्हा देशातल्या सर्वांत चांगल्या शाळकरी खेळाडूंपैकी एक. कुटुंब नॉर्थ कॅरोलायनाहून कॅन्ससला आलं, डॅनी कॅन्ससला खेळला, आणि १९८८ मध्ये ओक्लाहोमाला ८३–७९ ने हरवून विजेतेपद आणलं.

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने २०१० मध्ये यावर नियम केला: खेळाडू येण्याआधी दोन वर्षं आणि आल्यानंतर दोन वर्षं त्याच्याशी संबंधित माणसाला कोचिंगबाहेरच्या पदावर घ्यायचं नाही. पूर्णवेळ असिस्टंट कोच म्हणून घ्यायला हरकत नाही. म्हणजे दार बंद केलं आणि खिडकी मोठी केली. २०१७ मध्ये मिझुरीने मायकेल पोर्टर सीनियर यांना असिस्टंट नेमलं, मायकेल ज्युनियर आणि जॉन्टे दोन्ही मुलगे आले. त्याच विद्यापीठात महिला संघाची कोच मुलांची मावशी, आणि त्या संघात दोन बहिणी. ज्युनियरची पाठ दुखावली आणि तो जेमतेम तीन सामने खेळला.

मुलगा खेळाडू आणि बाप कोच असेल तर?

ते निराळं. कोलोरॅडोला डिऑन सँडर्स यांनी मुलगा शेडूरला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, केलं, पण त्याचा प्रत्येक पास कॅमेऱ्यासमोर होता. चांगला की वाईट ते लोक स्वतः ठरवू शकत होते. ओरड झाली ती दोन मोसमांनंतर त्याचा जर्सी क्रमांक कायमचा निवृत्त केला तेव्हा, कारण ते काम प्रशासनाचं होतं.

डायरेक्टरांमध्येही अशी घराणी आहेत?

केव्हिन व्हाइट हे नोत्र दाम आणि मग ड्यूकचे ॲथलेटिक डायरेक्टर होते. मुलगा डॅनी टेनेसीचा डायरेक्टर, ब्रायन फ्लोरिडा अटलांटिकचा, आणि माइक जॉर्जियाच्या पुरुष बास्केटबॉलचा कोच. कोणीही कोणाच्या हाताखाली नाही, त्यामुळे एकही नियम मोडत नाही. या क्षेत्रात मात्र निम्मी नेमणूक फोनवर होते, आणि आडनाव व्हाइट असेल तर फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. हे पकडणारा कायदा कोणी लिहू शकेल असं वाटत नाही.

यात बाहेरच्या माणसाचं नेमकं काय जातं?

एक खुर्ची. ऐकायला क्षुल्लक, पण फुटबॉल स्टाफवर पूर्णवेळच्या खुर्च्या मोजक्याच असतात. खाली ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून राबणारी पोरं तुटपुंज्या पैशांत रात्री दोनपर्यंत फिल्म कापत बसतात, या आशेवर की एखादी जागा निघेल. ती जागा साहेबांच्या मुलाने भरली की ते पोर आणखी दोन वर्षं थांबतं किंवा विमा विकायला लागतं. त्यात संघातले जवळपास निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय आणि हेड कोचमध्ये त्यांचं प्रमाण फारच कमी. ज्यांचे बाप या धंद्यात नव्हते, कारण बापांना येऊच दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी "कोचचा मुलगा कोच" हे वाक्य तितकंसं गोड नाही.

आपल्याकडे याहून वेगळं काय आहे?

आपल्याकडे संस्था ज्यांची, त्यांचाच भाचा शारीरिक शिक्षण संचालक असला तर कोणी वळूनही बघत नाही, कारण तिथे गमावण्यासारखे पैसे नाहीत आणि स्कोअरबोर्डही नाही. वशिला आपल्याला कळतो, त्याचं दुःखही होतं, पण तो कागदावर सापडत नाही. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत करार ही सार्वजनिक नोंद आहे. साडेआठ लाखांचा आकडा आणि २५ गुणांची अट मला माहीत आहे ती केवळ म्हणून. ड्यूक, नॉर्थवेस्टर्न या खासगी विद्यापीठांबाबत इतकं मिळत नाही.

मुलीला तिथल्या टेनिस कोचने बोलावलंय, त्याची बायको असिस्टंट आहे. काळजी करू का?

त्यासाठी नको. पण भेटीला जाल तेव्हा एक विचारा: मुलीला असिस्टंटबद्दल तक्रार असेल तर ती कोणाकडे जायची? "आमच्याकडे या, आम्ही घरच्यासारखेच आहोत" असं उत्तर आलं तर पुढे आणखी विचारा. डायरेक्टरच्या ऑफिसातल्या कोणाचं नाव आणि फोन नंबर मिळाला, तर निर्धास्त चहा प्या.

ब्रायन फेरेंट्झ पुढे कुठे गेले?

२०२४ मध्ये मेरीलँडला, दुसऱ्याच्या स्टाफवर. वडील आयोवातच आहेत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बिग टेनच्या इतिहासात सर्वांत जास्त सामने जिंकणारे कोच झाले. ब्रायनच्या गच्छंतीवर एवढा गदारोळ चालू होता तेव्हा नवे खेळाडू हेरून आणायचं खातं टायलर बार्न्स सांभाळत होते. ते कर्क यांचे जावई. त्यांच्या करारात गुणांची अट नव्हती, आणि मावसभावाला हे मी सांगितलं तेव्हा त्याला माहीतही नव्हतं.